यंदापुरते नियम

भागीकाकीचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तिच्याबद्दल जे चार चांगले शब्द येतील ते मी किती नाइलाजाने लिहितोय, हे तुमच्या लक्षात येईल.

मी महाडचा. शेतीची पदविका घेतली आणि एका लहानशा संस्थेत लागलो, तो अजून तिथेच आहे. डोंगर, गवत, झाडं, झरे हे आमचं काम. तळीयेची दरड कोसळली त्या पावसाळ्यात आमच्या घरातही छातीएवढं पाणी होतं. त्यानंतर पोलादपूरकडच्या वाड्यांतली माणसं आपापल्या डोंगराकडे जरा निराळ्या नजरेने बघायला लागली आणि आमच्याकडे बोलावणी यायला लागली. त्यातलाच एक डोंगर माझ्या वाट्याला आला. डोंगर एक, वाड्या तीन: वरची, मधली आणि खालची. होळीच्या आगेमागे हा डोंगर दरवर्षी पेटायचा. कुणी लावलं, कसं लागलं, कुणाला ठाऊक नसायचं. कोवळी झाडं जळून जायची, आणि पावसाळ्यात उघडी पडलेली माती ओढ्याला लागायची.

पहिल्या सभेला मी नकाशा घेऊन गेलो होतो. तीन रंगांत रंगवलेला. हिरव्यात कुऱ्हाडबंदी, पिवळ्यात चराईबंदी, आणि सगळीकडे लाल रेघांनी आगबंदी. तो करायला मला तीन आठवडे लागले होते. मधल्या वाडीच्या देवळात पन्नासेक माणसं बसली होती आणि मी बोलत होतो. कुणी हूं की चूं करत नव्हतं. मला वाटलं, पटतंय.

अर्ध्या सभेत एक किडकिडीत बाई आली आणि उंबऱ्याशी टेकली. साठीची असावी. कमरेला विळा, डोक्यावर पदर, मांडीवर सुपात कुळीथ. मी बोलत राहिलो, ती निवडत राहिली. शेवटी मी विचारलं, "कुणाला काही शंका?"

ती वर न बघताच म्हणाली, "सर, वारा कुठनं येतो ह्यात?"

"म्हणजे?"

"दुपार कलली का खाडीकडनं वारा वर येतो. आग त्याच्यासंगती धावते. तो दिसत नाय कागदावर, म्हणून इचारलं."

सभा हसली. हसणं वाईट नव्हतं, पण तासभर गप्प बसलेली माणसं एकदम बोलायला लागली, आणि बोलायला लागली ती तिच्याशी. मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. ती उंबऱ्यावर होती. तोंडं सगळी उंबऱ्याकडे वळली. तिथून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे चार-पाच वर्षं दुखत राहिलं.

त्या वर्षी बंदी माझ्या नकाशाप्रमाणेच झाली. कुणी विरोध केला नाही, कारण कुणी मनावरच घेतली नव्हती. गुरं चरायला बंदी, म्हणून गवत कमरेएवढं वाढून वाळलं. मार्चमध्ये डोंगर पेटला तो असा, की म्हाताऱ्या माणसांनीही तसा पाहिला नव्हता. आमच्या ताईंनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, मला विचारलं, "तिथे ती उंबऱ्यावर बसणारी बाई आहे ना, तिचं काय म्हणणं आहे?" माझ्या अहवालात तिचा उल्लेख एका ओळीचा होता. ताईंनी नेमकी तीच ओळ धरली.

ती बाई म्हणजे भागीकाकी, मधल्या वाडीची. नवरा मुंबईत हॉटेलात कामाला होता, तो वारला. मुलगा तिकडेच दिव्याला राहतो. तिच्याकडे भाताची दोन खाचरं, डोंगरउतारावरच्या वरकसात नाचणी आणि एक मारकी गाय. अक्षरओळख नाही. सभेला ती नेहमी उशिराच यायची, आणि ते मुद्दाम असायचं, हे मला फार उशिरा कळलं. एकदा मी तिला वेळेवर यायला सांगितलं तर म्हणाली, "आधी भांडून होऊं दे. पोट रिकामं झालं का मंग सभा." ती यायची तोवर वरची वाडी खालच्या वाडीची तीन पिढ्यांची उणीदुणी काढून मोकळी झालेली असायची. मग तिने विचारायचं, "झालं काय? आता डोंगराचं बोला."

दुसरी तिची खोड म्हणजे कुठलाही नियम ठरला की शेवटी ती म्हणायची, "यंदापुरतं हां." शाळेत तास संपल्याची घंटा वाजावी तसं. मला याचा भयंकर राग यायचा. मी सांगायचो, काकी, नियम पक्का असला तर लोक पाळतात. ती म्हणायची, "पक्का म्हटला का माणूस घाबरतो. मंग व्हय म्हणतो न घरी जाऊन इसरतो. यंदापुरता म्हटला का करून बघतो." आणि खरोखरच माणसं करून बघायची. पावसाळा संपला, भात कापून झालं, की तिन्ही वाड्यांतली माणसं एक दिवस डोंगर चढायची. कुठे जळलं, कुठे वाचलं, कुठे नवं रोप आलं, बघत फिरायची. उतरताना नियम बदललेले असायचे.

त्या नियमांना माणसांची नावं असायची. हीही तिचीच सवय. कुणी सभेत काही बोललं तर ती महिन्यांनी ते त्याच्या नावानिशी सांगायची. खालच्या वाडीत तारा नावाची नवी सून होती. एकदा ती घाबरत घाबरत म्हणाली, की सगळंच बंद केलं तर आम्ही लाकूडफाटा कुठून आणायचा? मंगळवारी आणि शनिवारी वाळकी काटकी वेचायला जाऊ द्या, त्यानिमित्ताने आम्ही लक्षही ठेवू. पुरुषांनी ते कानाआड केलं. काकीने नाही केलं. पुढच्या सभेत ती म्हणाली, "ताराचा एक नियम हाय, तो घेऊं." तेव्हापासून तो 'ताराचा नियम' झाला. सासूसुद्धा तसंच म्हणायची. ती पोरगी त्या दिवसापासून सभेत पुढे बसायला लागली. मी माझ्या अहवालात त्याला 'नियंत्रित सरपणसंकलन' असं नाव दिलं होतं. ते कुणाच्या तोंडात बसलं नाही.

पण खरी गोष्ट विठोबाची. विठोबा वरच्या वाडीचा, तीन म्हशींचा मालक. डोंगराला आग तोच लावतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडावर म्हणत नव्हतं. मी त्याची तक्रार करायच्या बेतात होतो. कागदही तयार केला होता. काकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमी त्याला इचारलंत काय, कशापायी लावतो?"

"कबूल तरी करेल का?"

"लावतोस काय म्हणून इचारलं तर नाय करणार. कशापायी लावतात, असं इचारा."

तिनेच विचारलं, मी नुसता बाजूला बसलो होतो. विठोबाच्या पडवीत, कोऱ्या चहात बिस्किट बुडवत ती सहज म्हणाली, "काय रे विठू, लोक आग का रे लावत असतील?" विठोबाने उठून म्हशीपुढे वैरण सारली. मग म्हणाला, "जुनं गवत जळलं का खालनं कोवळं फुटतं, काकी. उन्हाळ्यात म्हशीला तेवढंच हिरवं. ज्याचं पोट भरलंय त्याला डोंगर सुचतो."

"मंग किती जागा पुरंल तेवढ्याला?"

विठोबाने हात करून दाखवली. डोंगराचा एक कोपरा, फार तर दहावा हिस्सा.

त्या वर्षी तिन्ही वाड्यांनी मिळून डोंगराच्या कडेकडेने गवत कापून काढलं आणि उरलेलं थोडं थोडं जाळून एक मोकळा पट्टा केला, आग आलीच तर तिथे अडावी म्हणून. विठोबाला जाळायला त्याचा कोपरा दिला, पट्ट्याच्या आत, दर वर्षी निराळा. आणि पट्टा कधी जाळायचा, हे ठरवायचं काम काकीने त्यालाच दिलं. माझा विरोध होता. ती म्हणाली, "आग कुठं पळते ते त्याच्याएवढं कुणाला ठावं हाय?" विठोबाची रीत सोपी होती. पहाटे अनवाणी गवतातून चालायचं. पाय भिजले तर आज, नाही भिजले तर उद्या. दवाने ओलं झालेलं गवत सावकाश जळतं, उन्हं वर यायच्या आत सगळं विझवून माणसं घरी.

त्या वर्षी डोंगर पेटला नाही. पुढच्या वर्षीही नाही. किंजळीची, ऐनाची गुडघ्याएवढी रोपं दिसायला लागली. बाहेरून माणसं बघायला यायला लागली. मी त्यांना नकाशा समजावून सांगायचो. ती नम्रपणे ऐकायची आणि मग म्हणायची, "त्या काकींना भेटता येईल?"

मी काय केलं ते सांगतो. वर्षअखेरच्या अहवालात मी लिहिलं, 'स्थानिक महिलांच्या सहकार्याने'. तिचं नाव नाही. ताईंनी विचारलं तर म्हणालो, एका व्यक्तीचं नाव घेणं बरं दिसत नाही, हे सामूहिक काम आहे. ताईंना पटलं. मला मात्र माहीत होतं.

तिच्यात खोट सापडावी म्हणून मी डोळ्यांत तेल घालून असायचो, आणि एक सापडली होती. तीन वाड्यांना एकत्र बसवणारी ही बाई स्वतःच्या जावेशी बारा वर्षं बोलत नव्हती. एका फणसावरून. घराच्या मधोमध भिंत, दोन चुली, फणस नेमका भिंतीच्या रेषेत. जावेने सभेत काही चांगलं सुचवलं की काकीची पंचाईत व्हायची. नाव तर घ्यायला हवं. मग ती म्हणायची, "आमच्या घरातल्या पल्याडच्या चुलीनं सुचवलेला नियम." सभा पदरात तोंड घालून हसायची. मला हे पाहून आतून फार बरं वाटायचं.

चौथ्या वर्षी सुनेचं बाळंतपण आलं म्हणून काकी दिवाळीतच दिव्याला गेली, शिमग्यापर्यंत राहायच्या बेताने. निघताना मला म्हणाली, "विठूला इचारून करा, सर." मी मान डोलावली. मनात म्हटलं, आता बघू.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक मोठा बोर्ड. नऊ नियम, सुबक अक्षरांत, वर ठळक 'कायमस्वरूपी नियम'. देवळासमोर लावला. पट्टा जाळायची तारीखही नक्की केली: संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. माझ्या दृष्टीने त्यात तथ्य होतं. रविवारी मुंबईची पोरं येऊ शकतात, माणूसबळ मिळतं. शिवाय त्या दिवशी बाहेरची चार मंडळी बघायला येणार होती, आणि त्यांना मीच बोलावलं होतं.

रविवारी सकाळी मी पोचलो तर विठोबा देवळापाशी उभा. पाय कोरडे.

"सर, आज नको. दव नाय पडलं."

"विठोबा, सगळे आलेत. तारीख ठरलेली आहे."

"तारीख गवताला काय म्हायती?"

कुणीतरी हसलं. मला त्या हसण्यात पहिली सभा ऐकू आली. मी म्हणालो, "दर वेळी पाय बघून काम करायचं असेल तर नियम कशाला केलेत? मी जबाबदारी घेतो."

पाहुणे उशिरा आले. पेटवायला साडेदहा वाजले. अकरा वाजेपर्यंत सगळं छान चाललं होतं, फोटो निघत होते. मग पट्ट्याच्या वरच्या टोकाला एक ठिणगी उडाली, आणि त्याच वेळी वारा फिरला. ओल्या डहाळ्यांनी झोडपत पन्नास माणसं धावत होती. तारा करवंदीच्या जाळीतून वर चढत ओरडत होती, "गंजी! गंजी गेली!" वरच्या वाडीच्या कडेला विठोबाच्या गवताची गंजी होती, तीन म्हशींची वर्षाची बेगमी. ती आमच्या डोळ्यांसमोर उभी जळली. त्याच्या मागे त्याने लावलेली काजूची चाळीस रोपं गेली. मग वरचा सगळा उतार गेला. दुपारी आग थांबली, कारण पुढे कातळ होता. विठोबाच्या भुवया जळल्या होत्या. पाहुणे कधी निघून गेले ते कळलंही नाही.

काकीला कुणीतरी फोन केला. पाचव्या दिवशी ती आली, नातवाला महिनाही झाला नव्हता. मी तयारीत होतो. ती रागावणार, चारचौघांत माझी लाज काढणार, मग मीही मनातलं सगळं बोलून टाकणार. चार वर्षांचं साचलेलं होतं. पण ती मला आणि विठोबाला घेऊन जळक्या डोंगरावर चढली. प्रश्न विचारत होती. पहिली काडी कुठे लावली? तुमी कुठं उभे व्हता? वारा फिरला तो आधी कानाला लागला की धुरात दिसला? राखेतून चालताना तिचे पाय घोट्यापर्यंत काळे झाले होते. मी उत्तरं देत होतो. देता देता माझ्या लक्षात आलं, की मला बरंच काही दिसलं होतं. धूर जमिनीलगत लोळायला लागला होता, पक्षी खालच्या अंगाला उतरले होते, ते मी पाहिलं होतं. पाहून गप्प राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी सभा. त्या दिवशी ती वेळेवर आली. वरच्या वाडीचा एक तरुण उभा राहून म्हणाला, "ह्या सरांना पुन्हा डोंगरावर पाय ठेवू द्यायचा नाही." माना हलल्या. विठोबा खाली बघत होता.

काकी म्हणाली, "हाकला. मी नाय म्हणत नाय. पण आधी त्यांना काय कळलंय ते काढून घ्या. एवढं नुकसान करून शिकलेला माणूस आपल्यात दुसरा हाय काय? तो तसाच गेला तर गंजी फुकट गेली."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बोला, सर."

मी खुर्चीवरून उठलो. आयुष्यात इतकं अवघड भाषण केलेलं नाही. विठोबाने सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही, पाहुण्यांसाठी थांबलो, धूर लोळताना दिसला तरी बोललो नाही, कारण बोललो असतो तर चुकलो हे कबूल करावं लागलं असतं. एवढंच बोललो. कुणी हसलं नाही. त्यावरून दोन गोष्टी ठरल्या. पाहुणे असतील त्या दिवशी काडी ओढायची नाही, आणि धूर लोळताना ज्याला दिसेल त्याने, मग ते शेंबडं पोर का असेना, ओरडायचं आणि सगळ्यांनी थांबायचं. काकी म्हणाली, "हा सरांचा नियम." आणि थोडं थांबून, "यंदापुरतं हां."

दुसऱ्या दिवसापासून विठोबाच्या अंगणात घराघरातून गवताचे दोन-दोन भारे येऊन पडायला लागले. सगळ्यात आधी भारा घेऊन आली ती काकीची जाऊ. काकी तिथेच उभी होती. ती जावेकडे न बघता दुसरीकडेच बघत राहिली, जणू मध्ये इथेही तो फणस उभा होता.

लोकांना वाटलं, काकीने मला वाचवलं. मोटारसायकलवरून घाट उतरताना मला रडू आलं ते मात्र रागाने. मी चुकलो होतो तर ती चूक निदान माझी तरी राहायला हवी होती. तिने तीही घेतली आणि सगळ्यांच्या कामाची करून टाकली. आजही तिथली पोरं एकमेकांना 'सरांचा नियम, सरांचा नियम' म्हणत धूर दाखवतात. माझा बोर्ड कुणी काढला ठाऊक नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो विठोबाच्या गोठ्यावर आडवा टाकलेला होता, पावसाची झड अडवायला.

त्यानंतर काकीचे गुडघे गेले. सून कामाला जाते, नातू सांभाळायला कुणी नाही, म्हणून ती कायमचीच दिव्याला राहायला गेली. यंदाचं वर्ष डोंगराने तिच्यावाचून काढलं. पट्टा झाला, आग लागली नाही. मे महिन्यात ती चार दिवस घराची कौलं चाळून घ्यायला आली होती. परत जाताना महाडला एसटीतून उतरली आणि मी तिला रिक्षाने वीर स्टेशनला सोडायला गेलो. तिच्याकडे एक पिशवी आणि सुतळीने बांधलेला एक फणस होता. कुठल्या झाडाचा, मी विचारलं नाही.

गाडीला वेळ होता. फलाटावर आम्ही दोघंच म्हणावं इतकी कमी माणसं. आदल्या आठवड्यात, ती गावाला यायच्या आधी, सभा झाली होती. त्या सभेतली एक गोष्ट मी तिला सांगायची म्हणून जपून ठेवली होती. चांगल्या हेतूने नव्हे, हे कबूल करतो.

"काकी, सभा दोन तास चालली. तुमचं नाव एकदाही निघालं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "एकदा पण नाय?"

"नाही."

"विठूनं?"

"नाही."

"तारानं तरी?"

"तारानेही नाही. तिनेच तर सभा चालवली."

"मंग काय ठरलं?"

"दोन नियम बदलले. मधल्या वाडीची राखण बंद केली." आग लागू नये म्हणून पाळीपाळीने डोंगरावर नजर ठेवायची ही राखण तिनेच सुरू केली होती, आणि ते तिला झोंबावं अशा बेतानेच मी सांगितलं. "लोक म्हणाले, आता गरज नाही. राखणीची माणसं ओढ्याच्या बाजूला लावली."

"भांडले?"

"भांडले ना. चांगलं अर्धा तास."

मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, लागलं हिला. वाकून बघतो तर ती हसत होती. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, एखाद्या पोरीसारखी. माझ्या दंडावर तिने एक चापट मारली. "अर्धा तास! न माझं नाव पण नाय! काय सांगता, सर!"

गाडी आली. मी फणस आत चढवून दिला. तिला खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा मी हात केला, पण तिचं लक्ष नव्हतं. समोरच्या अनोळखी बाईच्या गुडघ्यावर हात ठेवून ती तिला काहीतरी सांगत होती, आणि अजून हसत होती.